पासिंग झालेला ट्रक

मित्रांनो, नगरच्या बाहेर एका पोलीस ठाण्यामागच्या आवारात अपघातातल्या गाड्या उभ्या असतात. त्यांतल्या एकीचे तोंड पार आत दबले आहे आणि पुढच्या काचेच्या जागी आता वेड्या बाभळीची फांदी शिरली आहे. तो जुना दहाचाकी ट्रक मीच.

कारखान्यातून मी निघालो तेव्हा नुसता सांगाडा आणि इंजिन होतो. नगरच्या कारागिरांनी माझ्यावर लाकडी हौदा चढवला, केबिन रंगवली आणि दारावर मोर काढला. माझे पहिले मालक कोंडीराम स्वतःच मला चालवत. पासिंगची तारीख आली की ते मला धुऊन मैदानावर नेत. पासिंग म्हणजे आम्हा गाड्यांची सरकारी तपासणी. साहेब माझे दिवे लावून बघत, ब्रेक मारायला सांगत, चाकांपाशी वाकून बघत. एकदा माझे ब्रेक एका बाजूला ओढत होते म्हणून त्यांनी मला नापास केले. कोंडीराम चिडले नाहीत. "बरं झालं, हितंच कळलं," एवढेच म्हणाले आणि ब्रेक नीट करून मला पुन्हा घेऊन गेले.

त्यांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी मला एका ट्रान्सपोर्ट कंपनीला विकले. तिचे मालक रविराजशेठ. माणूस बोलायला गोड होता. दसऱ्याला ते आम्हा सगळ्या ट्रकांना झेंडूच्या माळा घालत. पण गाडी उभी राहिलेली त्यांना सोसत नसे.

तिथे मला महेंद्र भेटला. केडगावात राहणारा, कमी बोलणारा ड्रायव्हर. मला सुरू करण्याआधी तो प्रत्येक टायरला लाथ मारून बघायचा. त्याची बायको जयमाला कधीकधी डबा घेऊन पुणे रोडवर उभी असे. डबा देताना ती दर वेळी तेच सांगायची, "पोचल्यावर फोन करा." आणि तो करायचा.

एका उन्हाळ्यात माझे इंजिन खाली उतरवावे लागले. गोरक्ष नावाच्या फिटरच्या गॅरेजमध्ये मी पोट उघडे टाकून उभा होतो. नेमकी तेव्हाच पासिंगची तारीख आली.

"शेठ, गाडी इतक्यात हलायची न्हाई," गोरक्ष म्हणाला.

"गाडी हलवायची कशाला? कागद येईल," शेठ म्हणाले.

आणि खरोखरच कागद आला. एका एजंटाने तो परजिल्ह्यातून आणला. मित्रांनो, मी जागचा हललो नव्हतो आणि तरी मी पास झालो होतो. माझे ब्रेक कोणी उघडूनही पाहिले नव्हते.

पुढे ते झिजत गेले. महेंद्रला माझ्या पावलागणिक ते कळत होते. एक दिवस तो शेठच्या ऑफिसबाहेर मला उभा करून म्हणाला, "शेठ, ब्रेकला दम न्हाई. उतारावर भ्या वाटतं."

शेठनी मोबाईल त्याच्यापुढे धरला. "हे बघ. फिटनेस चालू, इन्शुरन्स चालू. सरकारनं पास केलेली गाडी तू नापास करणार का? एवढी खेप टाक, मग बघू."

"मग बघू" हे मी त्याआधीही बऱ्याचदा ऐकले होते.

तो शुक्रवार होता, घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस. माझ्या हौद्यात पेंडीची पोती गच्च भरली होती. इमामपूर घाटाच्या उताराला लागलो आणि महेंद्रने ब्रेक दाबला. मी थांबू शकलो नाही. त्याने पुन्हा दाबला, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, हॉर्नवरचा हात काढलाच नाही. समोर एक टेम्पो चालला होता. टेम्पोत मागे एक म्हैस आणि तिची दोरी धरून बसलेल्या, बाजाराला निघालेल्या साळूबाई. त्या वळून माझ्याकडे बघत राहिल्या. महेंद्रने एकदाच स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवले.

टेम्पो वाचला. सगळ्यांत आधी साळूबाईच धावत आल्या. दबलेल्या दारातून हात घालून त्यांनी त्याचे डोके धरले. "लेकरा, डोळं उघड रं!"

"मावशी, ब्रेक लागला न्हाई," महेंद्र म्हणाला. त्यानंतर तो बोलला नाही.

मला ओढून या आवारात आणले. शेठनी पोलिसांना मोबाईल दाखवला. सगळे कागद चालू होते, म्हणून दोष महेंद्रच्या नावावर गेला. भरधाव वेग, निष्काळजीपणा.

साळूबाई महेंद्रच्या मातीला गेल्या होत्या. तिथे त्यांनी त्याचे शेवटचे शब्द जयमालाच्या कानावर घातले. तेव्हापासून ती प्रत्येक ऑफिसात एकच म्हणत राहिली, "आधी गाडी उघडून बघा. मग माझ्या नवऱ्याला नावं ठेवा."

शेवटी मोटार वाहन खात्याच्या निरीक्षक राजनंदिनी मॅडम आल्या. चाके खोलायला गोरक्षला बोलावले होते. रविराजशेठही आले होते. ब्रेकचा ड्रम निघाला. आतले लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे अस्तर, झिजून लोखंडाला लोखंड घासत होते.

"असे ब्रेक पासिंगला चालले कसे?" मॅडमनी विचारले.

"तेव्हा चांगले होते, मॅडम. मैदानावर तपासूनच पास झालीय गाडी," शेठ म्हणाले.

मॅडम गोरक्षकडे वळल्या. "तुम्हीच काम करता ना हिचं?"

गोरक्षने शेठकडे पाहिले. त्याचे सगळे गॅरेज शेठच्याच गाड्यांवर चालत होते. तो पाना पुसत राहिला.

"गोरक्षभाऊ," जयमाला म्हणाली, "तुमी न्हाई बोललात, तर ते कायमचे गुन्हेगार ऱ्हातील."

त्याने पाना खाली ठेवला. "मॅडम, पासिंगच्या वक्ताला गाडीचं इंजिन माझ्या गॅरेजात खाली हुतं. गाडी मैदानावर गेलीच न्हाई."

शेठ आपल्या गाडीत जाऊन बसले. जयमाला माझ्या मडगार्डला टेकून खाली बसली आणि तिथेच मोठ्याने रडली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिले.

महेंद्रवरचा ठपका पुसला गेला. शेठवर गुन्हा दाखल झाला, पण ते लवकरच जामिनावर सुटले. गोरक्षचे काम तुटले. आता तो दुसऱ्याच्या गॅरेजात मजुरी करतो. मला भंगारात काढणार आहेत. त्याचे मला दुःख नाही.

दुःख वेगळेच आहे. काल आवारासमोरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. दारावर नवीन कंपनीचे नवीन नाव होते. पण ब्रेक मारताना होणारी ती किंचाळी मी ओळखली. शेठच्या अंगणात तो आणि मी शेजारी उभे राहायचो. आत कोणी अनोळखी तरुण गाणी ऐकत बसला होता.

माझी बॅटरी केव्हाच गेली आहे. मला हॉर्न वाजवता येत नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी माल भरणारे व्हाल, कोणी ड्रायव्हर, कोणी सही करणारे साहेब. मोबाईलवर सगळे चालू दिसेल तेव्हा एवढे विचारा, गाडी मैदानावर गेली होती का? आणि उत्तर येईपर्यंत तिला घाटाकडे सोडू नका.