आषाढातलं स्केटिंग

घोडेगावात स्केटिंग आलं ते साल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवचं असावं. त्या दिवसांत गावात काहीही नवं आलं की आधी पोरं वेडी व्हायची, मग आया वैतागायच्या आणि बाप लोक ‘बघू किती दिवस टिकतंय’ म्हणत पानाच्या टपरीवर वाट बघत बसायचे. कॅरम क्लब असाच आला नि गेला. कराटेचंही तेच झालं. स्केटिंग मात्र तग धरून राहिलं आणि त्याचं श्रेय जातं मंगल कार्यालयाला. लग्नसराईत तिथं पाय ठेवायला जागा नसायची, पण आषाढी एकादशी झाली की लग्नं बंद ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. तेवढी मोठी गुळगुळीत फरशी नुसती धूळ खात पडायची. जुन्नरच्या सुदर्शन नावाच्या पोरानं हे बरोबर हेरलं. पुण्यात कॉलेजात असताना तो स्केटिंग शिकला होता, नोकरी काही लागत नव्हती. त्यानं कार्यालयाच्या मालकाला गाठलं आणि रविवारची सकाळ मागून घेतली.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई वैजयंती यांच्या घरात स्केट्स आले ते आरोहीच्या हट्टापायी. आरोही त्यांची लेक, वय वर्षं आठ. दोन रविवार ती गेली, तिसऱ्या रविवारी आपटली आणि चौथ्या रविवारी तिला भरतकाम आवडायला लागलं. स्केट्स पलंगाखाली गेले. ते त्या काळातले लोखंडी स्केट्स, चावी फिरवून लांब-आखूड करता यायचे आणि आपल्याच बुटावर पट्ट्यांनी बांधायचे. एका रविवारी वैजयंती ते परत करायला म्हणून मंगल कार्यालयात गेली. सुदर्शन म्हणाला, “ताई, परत कशाला? चावी फिरवली की तुमच्याही पायाला बसतात.” तो आपला गमतीत बोलून गेला. हिनं चावी फिरवली.

एकोणचाळिशीतली बाई, दोन पोरांची आई, अर्ध्या गावाला इंजेक्शनं देणारी. ती पंजाबी ड्रेस घालून पोरांच्या मागं चाकांवर घरंगळते म्हटल्यावर गाव गप्प बसतंय होय? महिनाभर लोकांना दुसरा विषय नव्हता. दवाखान्यात आलेली म्हातारी दंड पुढे करताना विचारायची, “बाई, हात थिर हाय ना आज?” वैजयंतीचा नवरा सावळेराम मास्तर स्वभावाने गरीब. तो एवढंच म्हणायचा की हात-पाय मोडून घेऊ नकोस, तुझ्या दवाखान्यात तुलाच कोण बघणार? पण तिला त्या फरशीवर जे वाटायचं ते दुसऱ्या कशानंच वाटत नव्हतं. अंगातलं वजन कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटायचं. त्या एका तासासाठी ती आठवडाभर वाट बघायची.

असं एक वर्ष गेलं. लग्नसराईत क्लास शाळेच्या खडी उघडी पडलेल्या ओट्यावर भरला, आणि पुन्हा आषाढ आल्यावर सगळी वरात मंगल कार्यालयात परतली. पहिल्याच रविवारी पोरं पांगल्यावर सुदर्शन स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला. लग्नात नवरा-नवरी बसतात तेच स्टेज. वैजयंती खाली लोखंडी खुर्चीवर पट्ट्या सोडत होती.

“ताई, यंदा परीक्षा घ्यायची म्हणतोय,” तो म्हणाला. “पुण्याहून परीक्षक येतायत. पोरांचं ठरलंय. तुमचं काय?”

“माझं काय ठरायचंय, सर? या वयात परीक्षा देऊ?”

चोवीस वर्षांच्या पोराला ती सर म्हणायची. त्यात थोडी चेष्टा होती आणि थोडा मानही होता.

“वयाची अट नाही. पहिल्या परीक्षेत हॉलला एक फेरी मारायची आणि खडूच्या रेघेवर थांबायचं. दुसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत मागं जायचं, मग एका पायावर. मी म्हणतो तुम्ही पहिलीच द्या. उगाच दोन्हीच्या नादी लागू नका. तुमचा थांबायचा जरा वांधाच आहे.”

खोटं नव्हतं ते. वैजयंती थांबायची ती खांबाला मिठी मारून.

“पण मागं तर मी चांगली जाते की.”

“तेच तर कळत नाही मला! सगळ्यांना आधी पुढं जमतं. मागं जायला सांगितलं की मोठमोठे गडी रडकुंडीला येतात. तुम्ही पहिल्या महिन्यातच सरसर मागं. कुठं शिकलात?”

“खाचरात,” ती हसत म्हणाली. सुदर्शन जुन्नर पेठेतला, त्यानं भात पाहिला तो ताटात. मग तिला सांगावं लागलं. तिचं माहेर डिंभ्याच्या वर डोंगरात. पावसाळ्यात तिथं भाताची आवणी असते. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावायची आणि एकेक पाऊल मागं सरकायचं, कारण पुढं सरकलं तर आपलंच लावलेलं तुडवलं जातं. चालायला लागल्यापासून हे केलेलं. मागं बघायचीही गरज पडत नाही, बांध आला की टाचेला कळतं.

सुदर्शनला हे भलतंच आवडलं. तो म्हणाला, “मग ताई, ध्येय तरी काय धरायचं? पहिली की दुसरी? पास व्हायचंच, का नुसता अनुभव घ्यायचा?”

वैजयंती हातातली पट्टी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “माझं नाव पुकारतील तेव्हा मला तिथं असायचंय. बाकीचं तुम्ही ठरवा, सर.”

“हे काय ध्येय झालं?”

तेव्हा तिनं ते सांगितलं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. सातवीत असताना ती पळण्यात वाडीवस्तीच्या सगळ्या पोरींत पहिली. गुरुजींनी तालुक्याच्या स्पर्धेला नाव दिलं, स्पर्धा इथंच घोडेगावात. त्या साली पाऊस उशिरा आला, आवणी लांबली आणि ती नेमकी स्पर्धेच्या दिवसावर येऊन पडली. आई म्हणाली, आवणी सोडून कुठं जायचं न्हाई, पळायचं काय, कवाबी पळता येतं. वैजयंती दिवसभर चिखलात होती. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, तुझं नाव पुन्हापुन्हा पुकारलं गं, शेवटी मीच गैरहजर म्हणून सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते नुसते हिरमुसले होते. पुढं आठवीला ती आश्रमशाळेत गेली, मग नर्सिंगला, आणि पळणं तिथंच राहिलं.

“फार मोठं काही नाही,” ती म्हणाली. “पण रुतून बसलंय.”

सुदर्शन नेहमीसारखा हसला नाही. “मग दोन्ही परीक्षांना नाव घालतो,” तो म्हणाला. “दोनदा पुकारतील. येत्या रविवारी आहे, सकाळी अकराला.”

वैजयंतीचा चेहरा उतरला. त्याच रविवारी माहेरी आवणी होती. दर वर्षी ती रजा काढून जायची, आई आणि भाऊ भागू तिच्या भरवशावर खाचरं चिखलून ठेवायचे. तिनं विचारलं, तारीख पुढं नाही का जाणार? पण परीक्षक नंतर मोकळे नव्हते, आणि परीक्षक मोकळे होतील तोवर कार्यालय मोकळं राहणार नव्हतं. ज्या दिवसांत लग्नं नाहीत त्याच दिवसांत भात लावायचं असतं, त्याला सुदर्शन तरी काय करणार?

वाडीत फोन नव्हता. शनिवारी सकाळीच ती एसटीनं निघाली. मनाशी ठरवलं होतं, आईला नीट सांगायचं, दिवसभर हात चालवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. पण पोचली तर खाचरात पाणी चढलेलं, रोपांच्या मुठी बांधावर पडलेल्या आणि आई, गोजरबाई, पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधून केव्हाची वाकलेली. लेकीला बघून म्हातारीचा चेहरा असा काही फुलला, की हिचं सगळं पाठांतर विरघळून गेलं. तिनं साडी खोचली आणि आईच्या शेजारी चिखलात उतरली.

दुपारपर्यंत सांगायचं राहिलंच. मग साडी वर सरकली आणि आईला गुडघा दिसला. चांगला वांग्यासारखा जांभळा झालेला.

“ह्ये काय गं? जावयानं मारलं का काय?”

“काहीतरीच काय, आये! त्यांना झुरळ मारायचं धाडस नाय.”

“मग?”

आता सुटका नव्हती. तिनं वाकल्या वाकल्या, हातातली रोपं लावत सगळं सांगितलं. पायाला चाकं बांधतात, फरशीवर फिरतात, त्याची परीक्षा असते, पुण्याहून माणूस येतो. पलीकडच्या खाचरातून भागू हसायला लागला. “अक्का, पायाला चाकं? आणि येवढ्या मोट्या बाईला?”

गोजरबाई हसली नाही. ती लावत राहिली. हातातली मूठ संपल्यावर तिनं विचारलं, “कवा हाय?”

“उद्या.”

त्यावर म्हातारी एक अक्षर बोलली नाही. खाचर संपलं तरी नाही, जेवताना नाही. संध्याकाळची गाडीही निघून गेली. वैजयंतीला आईचा हा अबोला पाठ होता, त्याचा अर्थ ‘न्हाई’ असाच असायचा. तिला राग आला आणि रागाचीच लाज वाटली. म्हाताऱ्या आईला चिखलात सोडून चाकांवर फिरायला जायचं, हे तिचं तिलाच शोभेना. सुदर्शनला काय सांगायचं तेवढं तिनं मनात जुळवलं आणि अंथरुणावर पडली.

सकाळी ती साडी खोचून बाहेर आली तर गोजरबाई ओट्यावर उभी. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी.

“अशीच येती का चाकावर? कापडं बदल. गाडी जाईल.”

“आये, तू कुठं निघालीस?” भागू ओरडला.

“हिचं बगून येती.”

“आन् आवणी?”

“तू हायेस, तुझी बायकू हाय. रोपं काय पळून चाललीत का?”

भागूनं आजवर आईला आवणीतून दोन घटकाही बाहेर पडताना पाहिलं नव्हतं. तो पोटात असताना ती आवणीत होती, ताप असताना होती. तो तोंडाचा आ करून बघत राहिला. मायलेकी पावसातून उताराला लागल्या.

अकराच्या आत त्या कार्यालयात पोचल्या. सुदर्शननं म्हातारीला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, वरमाईला देतात तशी. पोरांचं सगळं झाल्यावर परीक्षकांनी चष्मा सावरून वैजयंतीचं नाव पुकारलं. ती पुढं झाली. फेरी बरी गेली, पण रेघ ओलांडून ती थेट खांबाला जाऊन बिलगली आणि पोरं खिदळली. परीक्षक म्हणाले, पुन्हा एकदा. पुन्हा ती आली आणि या खेपेला रेघेवर थांबली. पहिली परीक्षा पास झाली. दुसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा ती पाठ करून उभी राहिली आणि मागं निघाली. एकदाही वळून न बघता, सरळ रेषेत, पार दारापर्यंत. परीक्षकांनी लिहायचं थांबवून पाहिलं. मग एका पायावर मात्र ती धाडकन बसली. दुसरी परीक्षा गेली.

“थोडक्यात गेली, ताई,” सुदर्शन म्हणाला. “पुढच्या आषाढात काढू.”

तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती भिंतीला टेकून फरशीवरच बसून राहिली, धापा टाकत, खुशीत. गोजरबाई खुर्चीवरून उठली. अनवाणी, जपून पावलं टाकत सगळा हॉल ओलांडून आली आणि लेकीच्या पायाशी बसली. पट्ट्या कशा सुटतात ते तिला ठाऊक नव्हतं. नखांत कालचा चिखल होता, बक्कल हाताला लागत नव्हतं.

“राहू दे आये, मी काढते.”

“थांब.” ती बक्कलाशी झटत राहिली. मान वर न करता म्हणाली, “त्या साली बी झाली असती गं आवणी. तुझ्याबिगर.”

वैजयंतीला वाटत आलं होतं की आईला तो दिवस आठवतही नसेल. ती सगळ्या पोरांच्या देखत हुंदके देऊन रडायला लागली. गोजरबाईनं एका पायाच्या पट्ट्या सोडवल्या, स्केट बाजूला ठेवला आणि लेकीचा दुसरा पाय मांडीवर घेतला.