आडव्याची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कठडा आहे. रस्त्यात आडवा लावतात ना, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, खाली चार चाकं असलेला, तोच मी. पोलीस मला बॅरिकेड म्हणतात. आमच्या गल्लीत माझं नाव ‘आडवा’. हे नाव मला आरोहीनं दिलं. तेव्हा ती दुसरीत होती आणि दिसेल त्या वस्तूला नाव दिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

माझा जन्म सोलापुरात, महेश्वरच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी गेटचे उरलेले पाइप आणि एका मोडक्या ट्रॉलीची चाकं जोडून त्यानं मला घडवलं. रंग वाळल्यावर स्वतःच्याच छोट्या टेम्पोत घालून गल्लीच्या तोंडाशी आणून उतरवलं. “घ्या काकू, तुमचा हवालदार,” तो आरोहीच्या आजीला, तानाबाईला म्हणाला. त्याच्या हातचं काम पक्कं असायचं. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता. आजही त्याचा राग करायला मला जमत नाही.

माझी गरज का पडली ते सांगतो. आमची गल्ली अरुंद आणि एकेरी. दोन मोठ्या रस्त्यांच्या मधली. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायचा म्हणून रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली सगळ्या हिच्यातूनच घुसायच्या. आणि गल्लीच्या मधोमध शाळा. सकाळी साडेसातची घंटा गाठायला पोरं भिंतीला अंग घासत, गटाराच्या कडेवर पाय ठेवत चालायची. एकदा एका रिक्षात एका मुलीच्या दप्तराचा पट्टा अडकला आणि ती चार पावलं फरफटत गेली. त्या दिवशी शाळेच्या सुकन्या मॅडम पालकांना घेऊन वाहतूक पोलिसांकडे गेल्या आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर कागद घेऊन आल्या. सकाळी सात ते आठ आणि दुपारी बारा ते एक, गल्लीत वाहनांना बंदी.

कागद आला, पण रोज उभं कोण राहणार? तेव्हा तानाबाई पदर खोचून पुढे आली. ती मूळची सांगोल्याकडची. तिचा मुलगा बिभीषण चिंचोळी एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचा, सून दिपाली युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात. नात आरोही दिवसभर आजीच्याच जिवावर.

“मी हाय की,” तानाबाई म्हणाली. “जलमभर मेंढरं आडवली, गाड्या काय आडवता येत न्हाईत व्हय?”

सुरुवातीला आम्ही दोघांनी शिव्या फार खाल्ल्या. एक रिक्षावाला तर अंगावरच आला. “ओ आज्जी, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय का?”

“न्हाय बाबा,” ती शांतपणे म्हणाली. “पोरांचा हाय. तासभर त्यांनला वापरू दे, मग घे की परत.”

तो गुरकावत रिक्षा वळवून गेला. महिन्याभरानं तोच रोज लांबूनच हात करून मोठ्या रस्त्यानं जाऊ लागला.

मित्रांनो, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. सात वाजले की गल्ली गप्प व्हायची आणि मग चिवचिवाट सुरू व्हायचा. पोरं रस्त्याच्या मधून चालायची, हातात हात घालून, चौघं चौघं. माळ्यावर धूळ खात पडलेल्या सायकली खाली उतरल्या. घराबाहेर न पडणारी म्हातारी माणसं काठी टेकत शाळेपर्यंत फेरी मारून येऊ लागली. आरोही सायकल शिकली ती याच तासात. तानाबाई कॅरिअर धरून मागे पळायची आणि धापा टाकत मला येऊन टेकायची. माझ्या पाइपावर तिच्या तळहाताचा घाम असायचा.

सायकल यायला लागल्यावर आरोही एकटी शाळेत जाऊ लागली. निघताना ती माझ्या आडव्या पाइपावर एक चापट मारायची. पहिल्या दिवशी म्हणाली, “आडव्या, जाते रे!” तानाबाई लगेच ओरडली, “जाते म्हणू न्हाय पोरी, येते म्हण!” तेव्हापासून रोज एक चापट आणि “आडव्या, येते रे!”

मला सगळ्यांची सवय झाली आणि सगळ्यांना माझी. मी उभा दिसलो की गाडीवाले वळून जात. सात वाजून गेल्यावरही मी भिंतीला लावलेला दिसलो, की रविवार, नाहीतर शाळेला सुट्टी. पाटी वाचायची गरज उरली नाही. मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा. किती मूर्ख होतो मी.

मागच्या वर्षी घटस्थापना चार दिवसांवर आली होती. त्याआधी घरातली भांडी, कपडे, अंथरुणं सगळं धुऊन काढायचं, याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं, त्यामुळे त्या पहाटे पाणी आलं तशी अख्खी गल्ली धुण्याला लागली. तानाबाईनं तीन वाकळी, जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या, धुतल्या. ओली वाकळ म्हणजे किती जड, ते ज्यानं उचललीय त्यालाच ठाऊक. दोरी तुटली. दुसरी दोरी बांधायला खिळा सापडेना. मग तिची नजर माझ्यावर गेली.

तिनं मला ढकलत आपल्या दारात आणलं आणि तिन्ही वाकळी माझ्यावर टाकल्या. शेजारची चिमाबाई बादली भरता भरता म्हणाली, “तानाबाई, सात वाजत आलं की.”

“निथळू दे जरा. एक दिस न्हाय लावला म्हणून काय हुतंय? लोकांला सवय लागलीया आता.”

मला ओरडावंसं वाटत होतं. पण लोखंडाला तोंड कुठे असतं?

थोड्या वेळानं आरोही सायकल घेऊन आली. वाकळीखालून मला ती दिसली नाही, पण ओल्या कापडावर चापट बसलेली कळली. “आडव्या, येते रे!” ती म्हणाली आणि हसली. “आज तुला सुट्टी की!”

पुढचं मी फक्त ऐकलं. सायकलची घंटी लांब गेली. मग टेम्पोचा आवाज आला, ओळखीचा, मी त्यातूनच तर या गल्लीत आलो होतो. मग ब्रेक. मग काही पडल्याचा आवाज, आणि सायकलचं चाक फिरत राहिल्याचा. तानाबाईच्या हातातला पिळलेला परकर खाली पडला. ती धावली. माझ्यावरच्या वाकळीतून पाणी ठिबकत राहिलं.

महेश्वर गेट बसवायला निघाला होता. मी जागेवर नव्हतो, तेव्हा त्याला वाटलं सणाची सुट्टी लागली असेल, म्हणून त्यानं टेम्पो गल्लीत घातला. आरोही रस्त्याच्या मधून चालली होती, कारण सात वाजून गेल्यावर हा रस्ता आपला, एवढंच तिला शिकवलेलं होतं. त्यानंच तिला उचलून दवाखान्यात नेलं. त्यानंच पोलिसांना सगळं सांगितलं. आरोही घरी आली नाही. ती तिसरी संपवून त्याच जूनमध्ये चौथीत गेली होती.

तेराव्यानंतर महेश्वर दाराशी आला. उंबऱ्याच्या बाहेरच बसला. “काकू, आडवा न्हवता. मला वाटलं...”

“न्हवता,” तानाबाई म्हणाली. “मीच हलवला हुता. वाकळी वाळवाय.” दिपाली आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. सासूशी ती आजही कामापुरतंच बोलते.

त्यानंतर मला कुणी जागेवर लावलं नाही. आईबाप घाबरले आणि पोरांना मोटारसायकलवर बसवून शाळेत सोडू लागले. त्यामुळे गल्लीत गाड्या आणखी वाढल्या. सायकली पुन्हा माळ्यावर गेल्या. म्हातारी माणसं घरात बसली. मला कोपऱ्यावरच्या एकानं आपल्या कारसाठी जागा धरून ठेवायला नेलं. पोरांसाठी जन्मलेला मी, कारची जागा राखत उन्हात उभा होतो. माझं एक चाकही तिथंच मोडलं. सुकन्या मॅडमनी अर्ज दिला, की शाळेच्या तोंडाला वाहनं कायमची बंद करा. काही दुकानदार म्हणाले, धंदा बसेल. अर्ज अजून कुठल्या तरी टेबलावर आहे.

या जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तानाबाई आली. त्या कारवाल्याला काही न विचारता तिनं मला ओढत गल्लीच्या तोंडाशी आणलं आणि महेश्वरला बोलावलं. तो चालत आला. टेम्पो त्यानं पुन्हा कधी चालवला नाही.

“ह्याची चाकं काप,” ती म्हणाली. “आन् जमिनीत गाड. कुणाच्यानं हलू न्हाय असा. माज्याच्यानं बी न्हाय.”

महेश्वरनं चाकं कापली. पोरं आणि सायकल जाईल एवढी वाट कडेला सोडून त्यानं मला सिमेंटमध्ये पक्कं केलं. सिमेंट कालवतानाही त्यानं डोळ्यांवरची वेल्डिंगची काच काढली नाही.

मित्रांनो, मी आता दिवसरात्र, परवानगीशिवाय उभा आहे. मला उपटून काढणार असं परवा कुणीतरी म्हणत होतं. काढोत. मी गंजका आहे, माझं काही नाही. पण एक सांगतो. एका रस्त्याची सगळी भिस्त एका म्हातारीवर आणि एका कठड्यावर टाकू नका. गाड्याच कमी करा. जिथं चालत जाता येतं तिथं चालत जा. शाळेच्या वाटेवर सिग्नल वाचवायला घुसू नका, कठडा असो वा नसो.

सकाळी सात वाजता तानाबाई अजून माझ्याजवळ येऊन थांबते. आता अडवायचं काही उरलेलं नाही, तरी थांबते. थोडी पोरं पुन्हा चालत येऊ लागलीत. जाताना कुणी माझ्यावर चापट मारून “येतो, आज्जी” म्हणालं, की तिचा हात माझ्या पाइपावर घट्ट होतो. घंटा होऊन गल्ली रिकामी झाली तरी ती जागची हलत नाही.

आरोहीही ‘येते’ म्हणूनच गेली होती.