बिनदाताचा जंतू

थोरलीला माणसं आवडत नसत असं नाही. माणसांत आवडण्यासारखं तिला काही सापडत नसे, एवढंच. जठराच्या आजारांवर काम करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ती इतकी वर्षं टिकली ती अकलेच्या जोरावर, आणि एकटी पडली ती जिभेच्या जोरावर. नवीन कुणी कामाला लागलं की त्याला तिच्याकडून एक नाव चिकटायचंच. हात थरथरणारा तो 'भूकंप'. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलणारी ती 'घंटी'. आणि ज्यांच्या हाताखाली हे सगळे राबत होते, ते सर म्हणजे 'बडेजाव'. सरांच्या तोंडावर अर्थात 'सर'च.

आता ते नाव सरांनी कमावलेलं होतं, हे कबूल करायलाच हवं. पोटाचे नावाजलेले डॉक्टर. सकाळी दवाखाना, दुपारनंतर प्रयोगशाळा. जिन्यापासून त्यांच्या खोलीपर्यंत भिंतीवर त्यांचेच फोटो. पदक घेताना, फीत कापताना, आणि एकात तर नुसतेच खिडकीबाहेर बघताना. "बाहेर काय दिसलं असेल ह्यांना?" थोरली म्हणायची. "आणखी एक फोटोवाला." बोलताना सर स्वतःला 'आम्ही' म्हणायचे. आम्ही जेवून आलो, आम्हाला सर्दी झाली. ऐकणाऱ्याला वाटावं, पलटणच शिंकतेय.

त्यांचा खरा टेंभा होता त्यांच्या चाचणीचा. जठरात राहणारा एक जंतू असतो. कितीतरी माणसांच्या पोटात तो बिऱ्हाड करून असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण हे जंतू सगळे सारखे नसतात. काहींजवळ विषाचं जनुक असतं आणि सोबतीला सुईसारखं एक हत्यार. त्या सुईने ते जठराच्या अस्तरात विष टोचतात. मग व्रण होतात, रक्त वाहतं, काहींना पुढे कर्करोगही होतो. ज्याच्याजवळ ते जनुक नाही तो जंतू त्यामानाने गरीब. पोटात नळी घालून तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा आणि त्यातल्या जंतूजवळ ते जनुक आहे की नाही ते बघायचं, ही सरांची चाचणी. असेल तर औषधं. नसेल तर सर रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "बिनदाताचा जंतू आहे. आम्ही त्याला छेडत नाही, तो तुम्हाला छेडणार नाही."

लोकांना हे वाक्य फार आवडायचं. थोरली ते ऐकलं की तोंड वाकडं करायची. बिनदाताचा म्हणे! ह्यांनी काय जबडा उघडून बघितला त्याचा?

ती चाचणी फसवी आहे हे तिला कळलं तेसुद्धा चिडचिडीतून. व्रण फुटून शस्त्रक्रियेला आलेल्या एका बाईच्या तुकड्यावर चाचणी म्हणाली, जनुक नाही. भूकंप म्हणाला, "होतं असं कधीकधी." त्याला उत्तर देण्याचेही कष्ट थोरलीने घेतले नाहीत. तिने ते जनुक दुसऱ्या वाटेने शोधलं आणि सगळं उलगडून वाचलं. होतं की! अख्खं होतं, कामावर हजर होतं. फक्त चाचणी त्याला ज्या टोकाशी पकडायची, तिथला मजकूर जरासा निराळा होता. चिमटा लागत नव्हता. आणि चिमटा लागला नाही म्हणजे वस्तूच नाही, असा निकाल यंत्र देऊन मोकळं होत होतं. मग तिने फ्रीजरमधले जुने नमुने काढले. बिनदाताचे म्हणून बाजूला पडलेल्यांत चांगले दातवाले निघाले, आणि एकदोन नव्हे.

दुसऱ्या कुणाला धडकी भरली असती. थोरलीला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

सरांचं दार समोरच होतं. टकटक करून आत जायचं आणि सांगायचं, इतकं सोपं काम. पण बडेजावाला बंद खोलीत सांगायचं? म्हणजे हा सगळी सारवासारव करणार आणि वर 'आम्ही सुधारणा केली' म्हणून मिरवणार. छे. पुढच्या महिन्यात मोठी परिषद भरणार होती, बाहेरचे बडे जाणकार येणार होते आणि सर त्यांच्यापुढे चाचणीचे गोडवे गाणार होते. तिथेच, भरल्या सभेत, मागच्या रांगेतून उठून एक साधासा प्रश्न विचारायचा. थोरली तो प्रश्न आरशासमोर घोळवू लागली. कुठे थांबायचं, 'सर' हा शब्द किती लांबवायचा, सगळं ठरलं. तोवर दवाखान्यात रोज कुणा ना कुणाला बिनदाताचा जंतू मिळत होता, तो मिळो. असल्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवता काय, मग भोगा, असं तिचं मत.

ह्या सगळ्या तुच्छतेतून एकच माणूस सुटलं होतं, ते म्हणजे तिची धाकटी बहीण. आईच्या माघारी थोरलीनेच तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिला सायकल शिकवली होती, तिच्यासाठी शेजाऱ्यांशी भांडणं केली होती. धाकटीचा नवरा मात्र सुटला नाही. त्याचं फरशांचं दुकान होतं आणि तो कुणाच्याही घरी गेला की आधी खाली बघून नाक मुरडायचा. थोरलीकडे पहिल्यांदा आला तेव्हा बुटाची टाच आपटून म्हणाला होता, "ही कुणी गळ्यात मारली तुमच्या?" त्या दिवसापासून त्याचं नाव 'फरशी'. धाकटीला हे ठाऊक होतं आणि ती बिचारी कानाडोळा करायची.

एका रविवारी दोघं थोरलीकडे जेवायला आले. फरशीने भात दह्यात कालवला आणि ऐटीत सांगितलं, "ताई, तुमच्या सरांकडे जाऊन आलो."

"कशाला?"

"पोटात जळजळ होते, टोचतं. नळी घालून तपासलं त्यांनी. बिनदाताचा निघाला." त्याने ते असं सांगितलं की जणू परीक्षेत पहिला आला. "औषधबिषध काही नको म्हणाले. काय माणूस आहे! खांद्यावर हात ठेवला माझ्या."

थोरली हातातला घास खाली ठेवून म्हणाली, "तरी दुसऱ्या कुणाला दाखवा. औषधं सुरू करा."

"का? तुम्ही डॉक्टर कधी झालात?" फरशी हसला. "सरांच्या बाटल्या धुता म्हणून काय..."

"अहो," धाकटी म्हणाली.

बाटल्या धुता! थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. फरशा विकणाऱ्याने हे बोलावं? नको घेऊस औषधं, ती मनात म्हणाली. जळू दे पोट. त्याच्या ताटात तिने आणखी भात वाढला.

जेवणानंतर धाकटी भांडी पुसायला आत आली. "ताई, ह्यांचं सोड. मला खरं सांग, काळजीसारखं काही आहे का?"

थोरली नळाखाली ताट धरून उभी राहिली. सांगावं तर धाकटी नवऱ्याला सांगणार, नवरा तडक सरांना गाठणार, आणि परिषदेच्या आधीच सगळी मजा जाणार. "गुडघ्यासाठी तो त्या दुखण्यावरच्या गोळ्या खातो ना, त्या पोटाला बाधतात, बंद कर," ती म्हणाली.

"करते. पण रिपोर्ट चांगला आहे ना?"

"चांगला आहे."

धाकटीचा चेहरा खुलला. थोरलीने सांगितलं म्हणजे झालं, असं ती लहानपणापासून मानत आली होती.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "हे फार दमतात गं. चेहरा पांढराफटक पडलाय, जिना चढला की दम लागतो. सरांना फोन केला तर ते परिषदेच्या गडबडीत आहेत."

पांढऱ्याफटक चेहऱ्याचा अर्थ थोरलीला कळला नाही असं नाही. पोटात कुठेतरी रक्त झिरपत असणार. पण उद्या दुपारी तर सगळं संपत होतं. एका रात्रीने काय आभाळ कोसळतंय? "उद्या संध्याकाळी मीच येते," ती म्हणाली. "तुला एक गंमत सांगायची आहे."

"गंमत?"

"उद्या सांगते," म्हणून तिने फोन ठेवला आणि कपाटातून चांगले कपडे काढले.

सभागृह गच्च भरलं होतं. सर पाऊण तास बोलले, त्यात जंतू थोडा आणि आम्ही फार. प्रश्नांची वेळ आली तशी थोरली उठली. 'सर' हा शब्द तिने ठरवला होता तेवढाच लांबवला. दातवाल्या जंतूंना चाचणी बिनदाताची का ठरवते, असं विचारलं, आणि सोबत आणलेली चित्रं पडद्यावर लावायला दिली. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. थोरली वाट बघू लागली. आता हा हात झटकेल, आता म्हणेल 'आम्ही ह्याचा विचार केला आहे', आणि मग ती त्याला सोलून काढणार होती.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले. एकेक चित्र त्यांनी बोट लावून तपासलं.

"म्हणजे आम्ही..." ते म्हणाले आणि अडकले. "म्हणजे मी किती लोकांना घरी पाठवलं?"

"मला माफ करा, मला काही फोन करायचे आहेत," असं म्हणून सर मंचावरून उतरले आणि त्या बड्या जाणकारांना तसंच बसवून बाहेर गेले.

थोरली मागोमाग गेली. तिचा घास असा ताटातून उठून चालला होता, त्याने ती गोंधळली होती. बाहेरच्या बोळात पाण्याच्या पिंपाशेजारी सर उभे होते आणि घंटी दवाखान्यातून आलेले नंबर त्यांना वाचून दाखवत होती, प्रत्येक नंबर दोनदा. "मी तुमच्या पोटाचा रिपोर्ट चुकीचा दिलाय," सर फोनवर सांगत होते. "चूक माझी आहे. आजच या, मी थांबतो." मग दुसरा फोन. मग तिसरा. त्याच शब्दांत, त्याच आवाजात. एकदाही 'आम्ही' नाही. थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. हसण्याजोगं, नावं ठेवण्याजोगं काहीतरी ती शोधत होती, आणि ते सापडत नव्हतं. महिन्याभरापूर्वी दार वाजवलं असतं तर हा माणूस त्याच दिवशी फोनपाशी बसला असता, हे तिला आता दिसलं, आणि स्वतःची किळस आली.

"कधी?" सर फोनवर विचारत होते. "रक्ताची उलटी किती झाली? कुठल्या दवाखान्यात?" मग पलीकडून थोरलीचं नाव आलं तसे ते तिच्याकडे वळले. "तुमच्या बहिणीचा नवरा माझ्याकडे येत होता, हे मला ठाऊक नव्हतं. ही चूक तुम्हाला कधी कळली?"

"मागच्या महिन्यात."

सरांनी फोन तिच्या हातात दिला.

"ताई," धाकटी म्हणाली, "ह्यांना आत नेलंय. रक्त चढवताहेत, पण आतून वाहायचं थांबत नाहीये. कुणी धड काही सांगत नाही. सर म्हणतात, रिपोर्टच चुकला होता. तुला माहीत होतं?"

"हो."

"आम्ही जेवायला आलो होतो, तेव्हा?"

"हो," ती म्हणाली.

"मी तुला विचारलं होतं." धाकटी रडत नव्हती. "संध्याकाळी येते म्हणाली होतीस ना? येऊ नकोस."

फोन बंद झाला. तेवढ्यात भूकंप सभागृहातून धावत आला आणि त्याने आपल्या थरथरत्या हातांनी थोरलीचा हात धरून हलवला. "मॅडम, मानलं तुम्हाला," तो कुजबुजला. "आत सगळे तुमच्याबद्दलच बोलताहेत. पार पाणीपाणी केलंत बडेजावाचं."

सरांनी थोरलीच्या दुसऱ्या हातातून फोन काढून घेतला आणि पुढचा नंबर लावला.