प्रभावळीची डावी कड

पुण्याच्या एका संग्रहालयाला पंचधातूच्या मूर्तींची निगा राखणारं माणूस हवं होतं. जागा एकच. अर्जासोबत आपल्या कामाविषयी एक पानभर पत्र मागवलं होतं, तेही मराठीतून. कुंभकोणमच्या, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातल्या कीर्तीला ती जागा इतकी हवी होती, की पत्र लिहिता लिहिता तिनं चुलीवरचं दूध उतू जाऊ दिलं.

लिहिलेलं तिनं आईला, भुवनेश्वरीअम्माला, वाचून दाखवलं. पत्रात कावेरीची माती होती, जवळच्या स्वामीमलैच्या मूर्ती ओतण्याच्या कारखान्यातल्या भट्टीचा लाल उजेड होता, मेणातून उमलणारी देवाची बोटं होती, थोरल्यांचे आशीर्वाद होते. अम्मा डोळे मिटून ऐकत होती.

"गोड लिहिलेंस," ती म्हणाली. "पण यांत तूं कोठें आहेस?"

कीर्ती गोंधळली. कारखान्यात मूर्तीवर कोणी नाव कोरत नाही. मेण एकाचं, माती दुसऱ्याची, ओतकाम तिसऱ्याचं, आणि मूर्ती देवाची. चित्रकलेचं कॉलेज सुटल्यापासून ती तिथं जात होती. हे मी केलं, असं तिथं कोणाच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं. तेच वळण पत्रातही उतरलं होतं.

अम्मानं कारखान्यातल्या नटराजाच्या मूर्तीची गोष्ट काढली. त्याच्याभोवतीच्या ज्वाळांच्या प्रभावळीची डावी कड दर ओतणीला अपुरी राहायची. धातूचा रस तिथवर पोचायच्या आतच थिजायचा. कीर्तीनं मेणाच्या मूर्तीला रसासाठी एक जास्तीची वाट जोडली, त्या वाटेनं रस धावला आणि ज्वाळा न् ज्वाळा भरून आली. पत्रात मात्र एवढंच होतं, की देवाच्या कृपेनं प्रभावळ पूर्ण झाली.

"देवास पुण्यांत नोकरी नको आहे," अम्मा म्हणाली. "तुज हवी आहे."

कीर्तीला हसू आलं, पण तसं लिहायला मन धजेना. आपल्या गुरूच्या कारखान्यातून काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. शेवटी ती पत्र घेऊन, बस धरून स्वामीमलैला गेली.

तिचे गुरू, मूर्तिकार स्वामीनाथ स्थपती, एका लक्ष्मीच्या खांद्यावर कानस फिरवत बसले होते. तिनं तमिळमध्ये, संकोचानं अडखळत, विचारलं, की ती वाट मी काढली असं लिहिलं तर चालेल का. कानस चालतच राहिली. मग त्यांनी खांद्यावरचा कीस फुंकला.

"मूर्ती कोणी केली ते देवाला ठाऊक असतं, म्हणून नाव लागत नाही," ते म्हणाले. "पुण्याच्या साहेबांना कोण सांगणार? आणि मी तेव्हा नको म्हणत होतो, तेही लिही. नाहीतर तुझ्या धिटाईला काय अर्थ?"

तिथंच, मेणाच्या वासात, तिनं देवाच्या कृपेचं ते वाक्य खोडून नवं लिहिलं. ‘डावी कड भरत नव्हती. गुरुजींना माझा उपाय पटला नव्हता. तरी मेणात वाट मी काढली, आणि कड भरली.’ वाचताना तिची पाठ आपोआप ताठ झाली.

पुढं पुण्याहून फोन आला. पलीकडच्या बाईंनी पत्रातलं वाट काढल्याचं तेवढंच वाक्य वाचलं आणि विचारलं, हे खरोखर तुम्ही एकटीनं ठरवलंत?

"होय, मीच," कीर्ती म्हणाली. "कसं ते सांगूं?"

आणि ती सांगू लागली, आपल्या घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत, कुठलाही शब्द न चाचपता. रस कसा चालतो, कुठं दमतो, त्याला वाट कशी दाखवायची. बाई मध्येच थांबवून पुन्हा विचारत होत्या, लिहून घेत होत्या. बोलणं संपताना त्यांनी विचारलं, कामावर कधी रुजू होता? कीर्तीनं लगेच येते म्हणून सांगितलं.

दाराआड अम्मा कीर्तीचं सगळं बोलणं ऐकत उभी होती. तिनं पदर नीट केला आणि लेकीला लागलेल्या नोकरीची बातमी सांगायला शेजारणीला हाक मारली.