दुसरी डिस्क

तीन डिस्क, तीन माणसं, एकेकाच्या वाट्याला एकेक. हा नियम माझाच. सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात माझी पंधरा वर्षं गेली. नवीन काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीत कुणीच काही पूर्ण बघत नाही, म्हणून वैतागून मीच वाटणी करून दिली होती. बैठकीआधी आपसात चर्चा नाही, बैठकीत गुण बदलायचे नाहीत. फॉर्मवर सगळे दोषांचे रकाने; एका रकान्यात दोघांनी पाचपैकी चार दिले की मालिका बाद. तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती, आणि मीही फुगले होते.

या वेळी कार्टून मालिका आली. दोन बहिणी, जादूचा डोंगर, उडणारी होडी. माझ्या वाट्याला दुसरी डिस्क. ती मी घरी लावली आणि पायावर धोंडा पाडून घेतला, कारण नऊ वर्षांची भाची माझ्याकडे राहायला आली होती. तिची मोठी बहीण शिकायला लांब गेल्यापासून पोर कशातच रमत नव्हती. ही मालिका मात्र मांडी घालून, न हलता पाहिली. शेवटी डोंगराच्या शापानं मोठी बहीण पांढऱ्या केसांची म्हातारी होते, धाकटीला ओळखतच नाही, पाठ फिरवून चालू लागते. डिस्क संपली.

"मावशी, ताई परत येते का गं?"

"वाचनालयात मालिका आली की बघू."

"येईल ना पण?"

"येईल की! मावशी कशाला आहे मग?"

बोलून तर बसले. पुढचे आठ दिवस शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तिचा तोच प्रश्न.

फॉर्म मात्र मी इमानदारीत भरला. तलवारबाजी अकरा वेळा, रडारड चार वेळा. 'भीतीदायक' रकान्यात चार गुण. मालिका चांगली आहे का, हा रकानाच नाही. तोही मीच ठेवला नव्हता.

बैठकीत मुख्य ग्रंथपाल साहेबांनी सुरुवात केली. पहिली डिस्क त्यांच्याकडे होती. "नुसत्या चालतात हो दोघी. काही घडतच नाही."

तिसरी डिस्क निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे होती. "भीतीदायक, चार," त्यांनी वाचलं. "शेवटी तर कहर आहे. अंधाऱ्या गुहेत ती मुलगी सरळ एका चेटकिणीच्या गळ्यात पडते. अनोळखी बाईच्या! मुलांनी काय घ्यायचं यातून?"

"बाई, चेटकीण नाही हो ती. सख्खी बहीण आहे तिची."

बाईंनी चष्मा काढला. "बहीण? केस पांढरेशुभ्र आहेत तिचे."

"ते दुसऱ्या डिस्कमध्ये होतात."

"मग दुसरी मला कुठं दिली होती तुम्ही?"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी पेन काढलं, चारावर काट मारायला टेकवलंही. साहेबांनी फॉर्म ओढून घेतला.

"बैठकीत गुण बदलायचे नाहीत. कुणाचं कलम आहे हे, मॅडम?"

अंगाचा तिळपापड झाला. पण कुणावर ओरडणार? नियमांच्या कागदाखाली सही माझी होती. 'भीतीदायक' रकान्यात चार गुण दोनदा: माझे आणि बाईंचे. नामंजूर. मालिका विकणाऱ्या कंपनीचा माणूस दारात उभाच होता. तिन्ही डिस्क त्यानं खोक्यात घातल्या, वर चिकटपट्टी मारली आणि पावती फाडून दिली.

जिन्यात मी बाईंना गाठलं. "मिठी मारल्यावर पुढं काय होतं हो?"

त्या ओशाळल्या. "मी तिथंच बंद केलं. म्हटलं, गुण द्यायला एवढं पुरे."

घरी भाची दारातच उभी. "आली?"

"नाही गं. नाही घेतली." मी चपला काढत राहिले, वर बघवेना. "पण धाकटीला तिची ताई सापडते. गुहेत. ती जाऊन मिठी मारते तिला."

"मग ताई ओळखते?"

"ते कुणी पाहिलं नाही."

ती दारातून बाजूला झाली. रडली असती तर बरं झालं असतं.

"मावशी, मग तुम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलंत तरी काय?"