गायडोहाची राखण

सुकी नदी दरवर्षी फाल्गुनातच आटायची. १९९२च्या वैशाखात गावाजवळ फक्त गायडोहात पाणी उरलं होतं, तेही खळ्याएवढं. वरच्या-खालच्या दोन कोसांतले मासे आणि कासवं त्या पाण्यात येऊन कोंडली होती. आदल्या उन्हाळ्यात कोणीतरी इंजिन लावून डोह पार उपसला होता. त्यानंतर पावसाळ्यात नदी दोन्ही थड्या भरून वाहिली, पण तिच्यात बोटाएवढा मासा दिसला नाही. तेव्हा शाळेतले मोतीलाल गुरुजी पारावर म्हणाले, "बियाण्याची ज्वारी कोणी दळून खातं का? मग नदीचं बी काहून खाता?" गावाला ते पटलं. नदी पुन्हा वाहेपर्यंत डोहात जाळं नाही, इंजिन नाही आणि नदीकाठी मळा असलेल्या घरांपैकी रोज एकाने राखण करायची, असं ठरलं.

त्या दिवशी पाळी तोतारामची होती. पण केळीला पाणी देणाऱ्या इंजिनाचं नोझल गेलं, म्हणून तो सकाळच्या गाडीने भुसावळला गेला. जाताना बायकोला म्हणाला, "तू नुसती बस तिठी. तू दिसली तरी पुरे."

मंदाबाई मुळात भित्री. घरात कोणी नसलं की दिवसाढवळ्या कडी लावून बसणारी. ती करंजाच्या सावलीत बसली, पण दुपार झाली तशी तिची नजर सारखी मागे वळू लागली. वाळू तापून पांढरी पडली होती. डोहात मधूनच एखादं कासव नाक वर काढायचं आणि बुडायचं. तेवढा आवाज झाला तरी ती दचकायची.

पलीकडच्या थडीवरून दोन माणसं उतरली. पुढचा मगन होता, विहिरी फोडणारा. मंदाबाईच्या मळ्यातली विहीर त्यानेच सुरुंग लावून खोल केली होती. मागचा पुना, त्याचा जोडीदार, रिकामं पोतं घेऊन आलेला. मगनच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत काय असेल ते तिला पाहताक्षणी कळलं आणि ती उठून उभी राहिली.

"अक्का, तुम्ही घरी जा," मगन म्हणाला. "एकच टोटा टाकतो. पाच मिनिटांचं काम."

"नको रे भाऊ. गावानं ठरवलंय."

"गावानं ठरवलंय, मी नाही. माझी कुठी केळी आहे इठी?" त्याने सुरुंगाचा टोटा काढून त्याला दगड बांधायला सुरुवात केली.

मंदाबाईने मळ्याकडे पाहिलं. हाक पोचेल इतक्या जवळ कोणीच नव्हतं. पळत जाऊन माणसं आणावीत, तर तोवर सगळं संपलं असतं. निदान मासे काठापासून दूर जातील म्हणून ती पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी पाणी उडवू लागली. चार पावलं गेली आणि तिचे पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतले. ती उपसायला गेली तसे आणखी खोल गेले.

"बाहेर निघा, अक्का!" मगन खडकावरून ओरडला. ती निघेना तसं त्याने तोंडातली विडी वातीला लावली. "पाहा, पेटवली. आता तरी निघा!"

तिला निघायचंच होतं. थांब रे, पाय अडकलाय, एवढंच सांगायचं होतं. पण तोंड उघडलं तरी घशातून आवाज फुटेना. वात फुरफुरत होती, निळा धूर वर जात होता. पाण्याखाली काहीतरी गुळगुळीत, जड अंग तिच्या मांडीला घासून गेलं. लुगडं कमरेपाशी फुगून वर आलं होतं आणि ते दाबून धरायचंही तिला सुचलं नाही. तिला आपली धाकटी मुलगी आठवली, चुलीवर झाकून ठेवलेली भाजी आठवली. मग काहीच आठवेना.

"मगन, फेक!" पुना किंचाळला. "हात जाईल तुझा!"

मगनने हात उचलला. समोर पाणी होतं आणि पाण्यात ती. त्याचा चेहरा तिला स्पष्ट दिसला. तोही घाबरला होता. तो गर्रकन वळला आणि त्याने टोटा पाठीमागच्या कोरड्या पात्रात भिरकावला.

थडी हादरली. गोटे आणि वाळू आभाळात उडाली, पाण्यात गारांसारखे दगड पडले. मंदाबाईला ते पडताना दिसले, ऐकू मात्र काही आलं नाही. मगन कपाळ धरून खाली बसला होता, बोटांमधून रक्त येत होतं. पुना पळून गेला होता. थोड्या वेळाने मगनच कण्हत पाण्यात उतरला, तिच्या काखेत हात घालून तिला गाळातून ओढलं आणि काठावर बसवलं. मग तिच्यापासून चार हातांवर बसून मुलासारखा रडला.

आवाज ऐकून माणसं धावत आली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मंदाबाई सुरुंगासमोर छाती काढून उभी राहिली. सरपंच तिला वाघीण म्हणाले. ती मान खाली घालून बसली होती. तोताराम परत आला तेव्हा तिने त्याला खरं सांगितलं.

"मी पळणार होती. पाय निघाला नाही, म्हणून थांबली."

तोताराम म्हणाला, "पुढची पाळी माझी. तू आता जाऊ नको."

पण सात दिवसांनी पाळी आली तेव्हा तीच गेली, शेजारच्या लताबाईला सोबत घेऊन. का गेली, ते तिला सांगता येत नव्हतं. पानं वाजली की ती लताबाईचा पदर धरायची. लताबाई हसायची, पण पदर सोडवून घेत नव्हती. मगनलाही पंचांनी पंधरा दिवस राखणीला बसवलं होतं. तो पलीकडच्या थडीवर बसायचा, कपाळाला पट्टी, आणि चुकूनही तिच्याकडे बघायचा नाही.

आषाढात सातपुड्यातून नदी उतरली. श्रावणात पाणी निवळलं, तेव्हा गावाखालच्या उथळ पाण्यात काडीएवढ्या माशांचे थवेच्या थवे प्रवाहाविरुद्ध चढत होते. मोतीलाल गुरुजी शाळेची मुलं घेऊन बघायला आले. तोताराम मंदाबाईला हाताला धरून काठापर्यंत घेऊन गेला. तिने मासे पाहिले, तिला बरं वाटलं. पण पाण्यात उतर म्हटल्यावर तिने मान हलवली आणि काठावरच उभी राहिली.