ताईने मागितलेली प्रार्थना

ताईच्या पोटात कॅन्सर पसरला, तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता औषधांनी आयुष्य वाढणार नाही, नुसता त्रास वाढेल. ताईने विचारलं, "दुखणं तरी थांबेल ना?" आणि हॉस्पिसचा, म्हणजे शेवटच्या दिवसांत दुखणं शमवणाऱ्या रुग्णालयाचा अर्ज मागून घेतला.

तिचा धाकटा भाऊ वायरमन. पन्नाशी उलटलेला. चर्चचे पंखे, दिवे, माइक सगळं तोच बघायचा. अर्ज पाहून तो भडकला. "तिथे माणसं मरायला जातात, ताई!"

"मग मी कुठे वेगळं करणार आहे? घरी विव्हळत मरण्यापेक्षा ते बरं."

रविवारी उपासना संपल्यावर प्रार्थनामंडळ तिच्या बाकाभोवती जमलं. सगळे तिच्याच वयाचे, पन्नास-साठीतले. शिंपीणबाईंनी तिचा हात धरला. "ताई, विश्वास ढळू देऊ नका. आम्ही सगळे उपास धरतो."

ताई हसली. तीस वर्षं तिने रविवारच्या शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे आवाज अजून खणखणीत होता. "अगं, मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही! इतकी वर्षं घसा फोडून स्वर्गाची गाणी गायलो, आणि मी निघाले तर पदर धरून बसलात? उपास नकोत. मला झोप लागू दे, एवढंच मागा."

पाळकसाहेब म्हणाले, "तेवढंच मागू," आणि दोन वाक्यांत प्रार्थना आटोपली. 'आमेन'च्या आधीच वायरमन बाहेर निघून गेला.

तरी गुरुवारी तिला हॉस्पिसमध्ये पोहोचवायला तोच गेला. दोन खाटांची खोली, मोठी खिडकी. सिस्टरने औषध दिलं आणि ताई सलग तीन तास झोपली. महिन्यात पहिल्यांदाच. वायरमनला हातावर हात ठेवून बसवेना. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला.

"काय खुडबुड चाललीय?" ताई जागी झाली.

"बेलचं बटण लांब आहे. हाताशी आणतोय."

"राहू दे. बस इथे. लहानपणी तू प्लगमध्ये तार घातलीस, आठवतं? शॉक तुला बसला, मार मला."

तो हसला, आणि हसता हसताच त्याचा बांध फुटला. "ताई, मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "एकटीला जास्त वाटते. म्हणून येत जा."

तो रोज येत राहिला. सतराव्या दिवशी दुपारी ताई गेली.

पुढच्या महिन्यात शिंपीणबाईंनी त्याला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. "खरं सांगा, ताई शांतपणे गेल्या?"

त्याच्या तोंडून खोटं निघेना. "शेवटचे दोन दिवस घरघर लागली होती. मला बघवत नव्हतं. पण तिला दुखत नव्हतं, आणि मी जवळ होतो."

बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना हे कसं सांगू?"

"सांगू नका. शनिवारी त्यांना हॉस्पिसमध्ये घेऊन या, मी सोबत येतो. नुसतं बघून येऊ."